स्पंजाला जात कळते का?

भाषणांतल्या मुंग्या आणि मधमाश्या आता थोड्या जुन्या झाल्या. त्यांच्या जागी समुद्रातला स्पंज येऊ लागला आहे की काय, अशी मला शंका आहे. गेल्या वर्षभरात एकच दाखला दोन अगदी वेगळ्या तोंडांतून माझ्यापर्यंत पोहोचला. स्पंज चाळणीतून गाळला, त्याच्या पेशी पाण्यात विखुरल्या, तरी त्या एकमेकींना शोधत पुन्हा जुळल्या आणि स्पंज उभा राहिला. दोन वेगळ्या जातींचे स्पंज गाळून एकत्र मिसळले, तर प्रत्येक पेशी आपल्याच जातीकडे परत गेली.

पहिल्यांदा हे ऐकले ते आमच्याच समाजाच्या एका मेळाव्यात. वक्ते वडीलधारे होते आणि बोलण्यात कळकळ होती. विखुरलेल्या कौमने स्पंजाकडून धडा घ्यावा, आपल्यांना आपल्यांशी जोडावे, असा त्यांचा सूर. दुसरा प्रसंग एका मित्राने सांगितला. त्याच्या सोसायटीच्या सभेत एका मुसलमान कुटुंबाला फ्लॅट भाड्याने द्यावा की नाही, यावर चर्चा चालली होती. एक निवृत्त गृहस्थ उठले आणि म्हणाले, आमचा कुणावर राग नाही, पण निसर्गसुद्धा आपापल्यांना आपापल्यात ठेवतो, स्पंजाचेच बघा ना. फ्लॅट अर्थातच दिला गेला नाही.

या दोघांची कधी भेट झाली तर पटणार नाही. दाखला मात्र दोघांचा एकच, आणि दोघांनीही तो अर्धाच सांगितला. स्पंजाची पूर्ण हकीकत या दोन्ही भाषणांपेक्षा कितीतरी मजेशीर आहे, म्हणून आधी ती सांगतो.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर बोफर्ट नावाचे गाव आहे. तिथे सरकारी मत्स्य खात्याची प्रयोगशाळा होती आणि एच. व्ही. विल्सन हे प्राध्यापक तिथे स्पंजांवर काम करत. त्या किनाऱ्याला मायक्रोसिओना प्रोलिफेरा नावाचा स्पंज मिळतो. रंगाने लालभडक, बोटांसारखे फाटे फुटलेला. तिकडे त्याला 'लाल दाढी' म्हणतात. विल्सन यांनी त्याचे बारीक तुकडे केले, पिठाच्या गिरणीत मैदा चाळायला वापरतात त्या दाट विणीच्या रेशमी कापडाच्या पुरचुंडीत घातले आणि समुद्राच्या पाण्याने भरलेल्या बशीत धरून पिळले. आपल्याकडे खोबऱ्याचा चव फडक्यात घालून नारळाचा रस काढतात ना, अगदी तसे. सांगाड्याचा चोथा कापडात राहिला आणि कापडातून लालसर ढग पाण्यात उतरला. तो ढग म्हणजे सुट्या झालेल्या पेशी. एकेकट्या, फार तर दोनचार चिकटलेल्या.

पेशी बशीच्या तळाशी बसल्या. त्यानंतर त्या हळूहळू सरकू लागल्या. एकमेकींना लागल्या की चिकटत, चिकटलेल्यांचे ठिपके होत आणि ठिपक्यांचे गोळे. गोळ्यांवर चपट्या पेशींचे पातळ आवरण आले आणि ते तळाला घट्ट धरून बसले. आठवडाभरात त्यांच्यात पाण्याच्या नळ्या आणि पाणी ढकलणाऱ्या कोठड्या तयार झाल्या. बारीक भोकांतून पाणी आत आणि मोठ्या तोंडातून बाहेर, असा प्रवाह सुरू झाला. बशीत आता एक नाही, पुष्कळ चिमुकले स्पंज होते. विल्सन यांनी हे 1907 साली प्रसिद्ध केले. पुढच्या शंभर वर्षांत किती जणांनी हा प्रयोग किती प्रकारांनी करून पाहिला, त्याला गणती नाही.

इथे एक गोष्ट नजरेतून सुटते. जे पुन्हा उभे राहिले तो जुना स्पंज नव्हता. त्याचा आकार, त्याचे फाटे, त्याच्या नळ्यांची जुनी वाट, यातले काहीही परत आले नाही. एका स्पंजाचे अनेक झाले, आणि एकाच जातीचे दोन स्पंज एकत्र गाळले असते तर कुठली पेशी मूळची कुणाची, हे तुम्हाआम्हाला ओळखता आले नसते. 'विखुरलेले पुन्हा पूर्वीसारखे झाले' असे जेव्हा व्यासपीठावरून सांगितले जाते, तेव्हा त्यातला 'पूर्वीसारखे' हा शब्द सांगणाऱ्याच्या पदरचा असतो.

स्पंजाला हे कसे जमते, हे समजायला त्याची घडण पाहावी लागते. त्याला हृदय नाही, मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, तोंड नाही आणि पोटही नाही. अंगभर बारीक छिद्रे असतात. आतल्या पोकळ्यांना कॉलर पेशींचे अस्तर असते. या पेशींना एक चाबकासारखा केस आणि त्याभोवती कॉलर असते. केस हलले की पाणी आत ओढले जाते, आणि त्यातले जिवाणू व अन्नकण या पेशी टिपतात. बाहेरच्या चपट्या पेशी आणि आतले अस्तर यांच्यामध्ये एक जेलीसारखा थर असतो. त्यात सांगाड्याचे काटे असतात आणि इकडेतिकडे फिरणाऱ्या पेशीही असतात. त्या फिरत्या पेशींपैकी एका प्रकाराला मी इथे आदिपेशी म्हणतो. आदिपेशीला अजून कुठलेही एक काम कायमचे चिकटलेले नसते. गरज पडेल तशी ती दुसऱ्या प्रकारची पेशी होऊ शकते.

हा प्राणी आहे, हेच लोकांना फार उशिरा पटले. एडिंबरात रॉबर्ट ग्रँट यांनी 1825 च्या सुमारास जिवंत स्पंज भिंगाखाली धरला आणि त्याच्या तोंडातून पाण्याची धार जोराने बाहेर पडताना पाहिली. त्यानंतर वनस्पती की प्राणी हा वाद हळूहळू निवळत गेला. त्या वादातला एक धागा आपल्या मुंबईतही होता. हेन्री जॉन कार्टर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतले डॉक्टर. मुंबई बेटावरच्या तलावांत गोड्या पाण्याचे स्पंज मिळत, त्यांचा त्यांनी अभ्यास केला आणि 1848 च्या सुमारास त्यावर लिहिले. स्पंजापासून सुटलेली पेशी अमीबासारखी स्वतःच्या बळावर सरकते, हे त्यांच्या नजरेला आले होते. विल्सन यांच्या बशीतला चमत्कार याच सरकण्यावर उभा आहे. गोड्या पाण्याच्या एका स्पंजाला पुढे कार्टर यांचे नावही मिळाले.

या तलावातल्या स्पंजांना चाळणीचीही गरज पडत नाही. उन्हाळ्यात पाणी आटायला लागले की स्पंज मरतो, पण मरण्याआधी आपल्या आदिपेशींचे छोटे छोटे गोळे करून त्यांना चिवट कवच चढवतो. हे गोळे खसखशीच्या दाण्याहून लहान असतात. सुकलेल्या चिखलात पडून राहतात. पावसाळ्यात पाणी भरले की कवचाच्या बारीक तोंडातून पेशी बाहेर सरकतात, पसरतात आणि त्यांचा नवा स्पंज होतो. मुंबईचे ते जुने तलाव आता बहुतेक बुजलेत. धोबी तलाव, गोवालिया टँक, बाबुला टँक ही नावे उरली, पाणी गेले. जामा मशिदीचा हौद तेवढा अजून भरलेला आहे आणि त्यात मासेही आहेत.

आता त्या दोन जातींच्या मिश्रणाकडे येऊ, कारण सगळ्या भाषणांचा जीव त्यात आहे. विल्सन यांनी वेगवेगळ्या जातींच्या पेशी मिसळून पाहिल्या, त्या एकजीव झाल्या नाहीत. पुढे 1920 च्या दशकात पॉल गॅल्ट्सॉफ यांनी लाल मायक्रोसिओना आणि पिवळा क्लायोना यांच्या पेशी एकत्र केल्या. रंग वेगळे असल्याने डोळ्यांना दिसतच होते. लाल लालकडे, पिवळे पिवळ्याकडे. इथपर्यंत दाखला खरा आहे, त्यात खोट काढण्याचे कारण नाही.

मात्र ही ओळख होते कशी, ते पाहिले की 'आपल्यांची ओढ' वगैरे शब्द गळून पडतात. समुद्राच्या पाण्यातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून टाकले, तर न पिळताही स्पंजाच्या पेशी सुट्या होतात. टॉम हम्फ्रीज यांनी 1960 च्या दशकात दाखवले की अशा पेशी थंडाव्यात धुवून ठेवल्या तर त्या नुसत्या पडून राहतात, एकमेकींना धरत नाहीत. ज्या पाण्यात त्या धुतल्या ते पाणी आणि थोडे कॅल्शियम परत घातले की लगेच गोळे होऊ लागतात. म्हणजे धुताना त्यांच्या अंगावरून काहीतरी निघून गेले होते. ते साखर आणि प्रथिन यांचे एक अवाढव्य संयुग निघाले. मायक्रोसिओनाच्या बाबतीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते लहान मुलाने काढलेल्या सूर्यासारखे दिसते. मधे कडे आणि भोवती किरण. त्यातला प्रत्येक बंध अगदी कमजोर असतो, पण असे बंध इतके असतात की पकड बसते. पेशी कुणाला दुरून हाक मारत नाही. सरकता सरकता धडकते. जमले तर चिकटते, नाही तर पुढे जाते. पुढे आणखी जातींच्या जोड्या तपासल्या तेव्हा लाल-पिवळ्याइतके साफ चित्र प्रत्येक वेळी मिळाले नाही. काही जोड्यांत पेशी आधी खुशाल मिसळतात आणि वेगळ्या व्हायचे ते नंतर.

ज्युलियन हक्सली यांचा 1911 सालचा प्रयोग मी कुठल्याच भाषणात ऐकलेला नाही. त्यांनी सायकॉन नावाच्या स्पंजावर काम केले. त्यात काही गोळे निव्वळ कॉलर पेशींचे तयार झाले. सगळ्या एका रूपाच्या, एका कामाच्या, एकमेकींना घट्ट धरलेल्या. एकजुटीचा यापेक्षा चांगला नमुना कुठे मिळणार? पण त्या गोळ्यांचा स्पंज झाला नाही. चेंडूसारखे गोळेच राहिले. स्पंज व्हायला बाहेरची चपटी पेशी लागते, सांगाड्याचे काटे करणारी लागते, पाणी ओढणारी लागते, आणि जिला अजून कुठलेच एक काम चिकटलेले नाही अशी आदिपेशी लागते. समाजाला स्पंजाचा धडा द्यायचाच असेल, तर या सायकॉनच्या चेंडूचा का देत नाहीत?

आणखी एक प्रयोग आहे, तो स्पंजाचा नाही, पण त्याच रस्त्याने गेलेला आहे. आरोन मॉस्कोना यांनी कोंबडीच्या आणि उंदराच्या गर्भातल्या पेशी सुट्या करून एकत्र मिसळल्या. 1957 साली त्यांनी निष्कर्ष छापला. स्पंजाच्या हिशेबाने कोंबडीच्या पेशी कोंबडीकडे आणि उंदराच्या उंदराकडे जायला हव्या होत्या. तसे झाले नाही. कोंबडीची कूर्चापेशी उंदराच्या कूर्चापेशीशेजारी जाऊन बसली आणि दोघींनी मिळून एकच कूर्चा तयार केली. प्राणी कुठला, यापेक्षा काम कुठले, याला जास्त वजन होते. पक्षी आणि सस्तन प्राणी यांच्यातले अंतर किती, याचा विचार केला तर हे लाल-पिवळ्या स्पंजांपेक्षा जास्त थक्क करणारे आहे. सोसायटीच्या सभेत कुणी कोंबडी आणि उंदराचे उदाहरण का देत नाही, हे मी वाचकांवर सोडतो.

यात आपल्या भाषेचाही थोडा दोष आहे. जीवशास्त्राच्या मराठी पुस्तकांत वर्गीकरणाची उतरंड असते: संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि शेवटी जाती. लाल स्पंज एका 'जातीचा', पिवळा दुसऱ्या 'जातीचा'. शास्त्राला अभिप्रेत असलेली जाती आणि आपल्या दाखल्यावर लिहिलेली जात, यांच्यात फरक फक्त एका वेलांटीचा उरतो, आणि बोलताना तर तोही राहत नाही. 'प्रत्येक पेशी आपल्या जातीकडे जाते' हे वाक्य इंग्रजीत ऐकले तर ते प्राण्यांविषयी वाटते. मराठीत ऐकले की मान आपोआप डोलते, कारण असली वाक्ये आपण पाळण्यापासून ऐकत आलेलो असतो. शास्त्राच्या अर्थाने मात्र या पृथ्वीवरची सगळी माणसे एकाच जातीची आहेत, होमो सेपियन्स. तेव्हा हा दाखला शब्दशः लावायचा म्हटला, तर त्या सोसायटीतले निवृत्त गृहस्थ आणि तो परत पाठवलेला भाडेकरू हे दोघे एकाच लाल दाढीचे. एकाच कापडातून गाळले असते तर कुणाची पेशी कुठे गेली, हे सभेच्या इतिवृत्तात लिहिता आले नसते.

मेळाव्यानंतर मी त्या वडीलधाऱ्या वक्त्यांना गाठले आणि म्हटले, चाचा, स्पंजाची गोष्ट पूर्ण नाही हो ही. त्यांनी हसून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बेटा, दाखला हा दाखला असतो. त्यातला मतलब घे, बारकावे कशाला काढतोस?" हा आक्षेप वजनदार आहे. उपमेला प्रयोगशाळेचे नियम लावायचे नसतात, हे मलाही मान्य आहे. मुंगीचा दाखला देणाऱ्याला कुणी मुंग्यांतल्या गुलामगिरीबद्दल विचारत नाही. पण निसर्गाचा दाखला नुसती उपमा राहत नाही. 'असे वागा' म्हटले तर समोरचा 'का?' विचारू शकतो. 'निसर्गात असेच असते' म्हटले की तो प्रश्नच बंद होतो. बोलणाऱ्याच्या मताला सृष्टीची मोहोर लागते.

आणि ही मोहोर कुणाला सोयीची पडते, तेही पाहावे. मुंब्र्याचे उदाहरण घ्या. 1992-93 च्या मुंबईच्या दंगलीनंतर हजारो मुसलमान कुटुंबे मुंबईतल्या मिश्र वस्त्या सोडून तिकडे गेली. खाडीपलीकडचे ते लहानसे गाव पाहता पाहता दाटीवाटीचे शहर झाले. आज बाहेरून पाहणारा सहज म्हणतो, बघा, हे लोक एकत्रच राहतात. आणि आपल्यातलाही एखादा अभिमानाने म्हणतो, बघा, विखुरलो तरी जुळलो. दोघांनाही स्पंजाचा दाखला चपखल वाटेल. पण ती कुटुंबे कुठल्या पेशीच्या ओढीने तिथे गेली नाहीत. कुणाचे घर जळले होते. कुणाला शेजाऱ्याने डोळे चुकवत सांगितले होते की आता आम्हाला जमणार नाही. कुणाला सहा ठिकाणी खोली नाकारली गेली आणि सातवी मुंब्र्यात मिळाली. यात भीती होती, नकार होता, पोलिसांवरचा उडालेला विश्वास होता, आणि जागेचे परवडणारे भावही होते. या प्रत्येक गोष्टीला कारण आहे, आणि काही गोष्टींना जबाबदार माणसेही आहेत. या सगळ्याला निसर्ग म्हटले की कारणे पुसली जातात. जबाबदार कोण, हा प्रश्नही पुसला जातो. नाकारणारा मोकळा होतो. ज्याला नाकारले तो नाइलाजाला अभिमानाचे नाव देऊन गप्प बसतो. चाचांच्या आणि त्या निवृत्त गृहस्थांच्या भाषणांत मला फरक दिसतो, दोघांच्या नियतीत तर मोठाच फरक आहे. पण दोन्ही भाषणे संपल्यावर भाडेकरू राहतो तिथेच, मुंब्र्यात.

आपल्या लोकांनी एकमेकांच्या अडीनडीला उभे राहावे, याला माझा विरोध असण्याचे कारण नाही. त्यासाठी स्पंजाची साक्ष लागत नाही. शेजारधर्म पुरेसा आहे, आणि तो शेजारी कोण हे विचारत नाही.

स्पंजाला मात्र या भाषणांतून सोडवायला हवे, कारण माणसाला उपयोगी पडण्याच्या त्याच्या रीती वेगळ्या आहेत. कॅरिबियन समुद्रातल्या एका स्पंजात 1950 च्या आसपास जी विचित्र संयुगे सापडली, त्यांच्या धाग्याने पुढे सायटाराबिन हे रक्ताच्या कर्करोगावरचे औषध आले. ते आजही वापरले जाते. विल्सन यांचा मूळ हेतूही व्यवहारी होता. मत्स्य खात्याला स्पंजाची शेती हवी होती. अंघोळीच्या स्पंजाला तेव्हा मोठी मागणी होती आणि बुडी मारून काढण्याला मर्यादा होत्या. पेशींपासून स्पंज वाढवण्याची त्यांची युक्ती शास्त्रात अजरामर झाली, धंद्यात रुजली नाही. शेतीसाठी सोपा मार्ग जुनाच ठरला: स्पंजाचा तुकडा कापायचा आणि तो वाढू द्यायचा. आत ताकद तीच, फक्त चाळणीऐवजी सुरी.

ही शेती आज झांझिबारच्या पूर्व किनाऱ्यावर जाम्बियानी गावात चालते. गाव मुसलमानांचे. तिथल्या बायका पूर्वी समुद्री शेवाळाची शेती करत, पण पाणी तापत गेले तसे शेवाळ मरू लागले आणि त्याला भावही मिळेना. आता त्यांच्यापैकी काही जणी भरती-ओहोटीचे वेळापत्रक बघून डोक्यावरचा रुमाल घट्ट बांधून पाण्यात उतरतात. उथळ पाण्यात दोऱ्या ताणलेल्या असतात आणि त्यांवर मण्यांसारखे स्पंजाचे तुकडे ओवलेले असतात. त्यांवर चढलेले शेवाळ आणि घाण पुन्हा पुन्हा साफ करावी लागते, नाही तर स्पंजाची छिद्रे बुजतात. पुरेसा वाढला की स्पंज काढतात, धुतात, वाळवतात आणि पर्यटकांना विकतात. काढताना त्याचाच एक तुकडा कापून पुन्हा दोरीत ओवतात.